भावाच्या वाट्याची सुकडी

बाई,

परवा एका अंगणवाडीत धान्याच्या कोठीमागं मला एक पिशवी सापडली. जुन्या साडीची, हातानं शिवलेली, तोंडाला नाडी. आत आहाराची पाकिटं होती आणि प्रत्येक पाकिटावर बॉलपेननं एकेका मुलाचं नाव होतं. हजेरीत ही सगळी मुलं हजर होती, खोलीत त्यांतलं एकही नव्हतं. मी आता पर्यवेक्षिका आहे, बाई. तुमच्या वेळी जिला मुख्यसेविका म्हणायचे ती. मी दारात दिसले की सेविका पदर सारखा करतात आणि मदतनीस उगाचच झाडू हातात घेते. ही सेविका पंचविशीची असेल. माझ्या हातात पिशवी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाली, "मॅडम, पोरं ऊसतोडीला गेल्यात आयबापासंगं. जीप उद्या जाणार हाय." बस, एवढंच. पुढचं तिनं काही सांगायची गरज नव्हती, मला सगळं माहीत होतं. पण ते तिला कसं कळावं? ती बिचारी माझ्या पेनाकडं बघत उभी.

त्या भेटीचा अहवाल मला उद्या इथं सोलापुरात, सात रस्त्याच्या ऑफिसात द्यायचा आहे. खरं लिहिलं तर तिला नोटीस जाईल, कदाचित काम जाईल, आणि पिशवी तर जाईलच. आज रविवार. भवानी पेठेतल्या माझ्या खोलीखाली मालकांचे माग रविवारीही खडखडतात, त्या आवाजात मी अहवाल लिहायला बसले आणि वर 'बाई' असं लिहून मोकळी झाले. तर सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पानभर इकडचं तिकडचं लिहीत बसेन. स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पिशव्यांची गोष्ट मुख्यसेविकेला माझ्या चुलतीनं सांगितली नव्हती. ती मी सांगितली होती.

तुम्हाला ती खोली आठवत असेलच. तुमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची मागची खोली, पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत उघड्यावर बसल्यासारखी. एका कोपऱ्यात चूल, चुलीशी माझी चुलती, कारण ती तुमची मदतनीस. दुसऱ्या कोपऱ्यात सुकडीचं पोतं. गहू आणि गुळाची ती भरड, कोरडी खाल्ली तर टाळूला चिकटायची, पाणी घालून लाडू केला तर बोटं चाटत बसायचं. आणि पूर्वेच्या भिंतीवर खिळे, खिळ्यांना पिशव्या. दसरा झाला की निम्मं गाव तोडीला जायचं. ट्रॉलीत पत्रे, भांडी, कोंबड्या, त्यावर बायका, बायकांच्या मांडीवर पोरं. दुसऱ्या दिवशी तुमच्या खोलीत निम्मी पोरं उरायची. पण हजेरी तुम्ही सगळ्यांची घेत होतात. जे पोर गेलंय त्याचंही नाव तुम्ही मोठ्यानं वाचता, क्षणभर थांबता, आणि पोत्यातली एक मूठ त्याच्या पिशवीत टाकता. ओळखू यावी म्हणून प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा. माझ्या भावाचा लाल. मुकादमाची जीप दर पंधरवड्याला तोडीसाठी नवरा-बायकोच्या नव्या जोड्या न्यायला गावात यायची, तिच्यातून त्या पिशव्या कारखान्याच्या बाजूला कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या त्या पाचटाच्या खोपटांवर जायच्या, आणि मागच्या रिकाम्या होऊन परत यायच्या. असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. उलट गावात नसलेल्या पोराचं नाव कापायचं, असं लिहिलेलं होतं.

मी तेव्हा तिसरीत होते. मला मागं ठेवायला तुम्हीच आईदादांना तयार केलं होतं. तुम्ही आमच्या दारात उभ्या राहून आईला म्हणालात, "पोरीची शाळा नगा बुडवू. तिची चुलती हाय, मी हाय." आई म्हणाली, "आन् ह्यो?" ह्यो म्हणजे तीन वर्षांचा माझा भाऊ, तिच्या पदराला लोंबकळणारा. त्याला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं आणि तो राहिलाही नसता. तो गेला. मी चुलतीच्या घरी राहिले. चुलती वाईट नव्हती, पण तिची स्वतःची चार होती, आणि ताटात शेवटची भाकरी कुणाला हे चार पोरांच्या घरात कोणी ठरवत नसतं, ते आपोआप ठरतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तुमच्या खोलीवर पळत यायची. माझं नाव तुमच्या हजेरीत नव्हतं, मी मोठी झाले होते. तरी तुम्ही मला कधी 'का आलीस' म्हणाला नाहीत. काम लावायचात. पिशव्यांच्या नाड्या बांध, पिशवी जीपवाल्याच्या घरी पोचव.

आणि मी नाडी बांधताना पिशवीत हात घालायची. भावाच्याच. दुसऱ्यांच्या पिशवीला मी कधी हात लावला नाही, हे माझं मोठेपण. तुम्ही एक दिवस लाल दोऱ्याची पिशवी हातात तोलली आणि मला विचारलंत, "तू खाल्लीस का गं?" मी म्हणाले, "न्हाय बाई." ओठांना भरड तशीच. तुम्ही मला हाताला धरून उंबऱ्याबाहेर नेलंत, सगळ्यांसमोर नाही, हे मला आजही आठवतं, आणि म्हणालात, "खाल्लीस त्येचं काय न्हाय. भूक लागली म्हणून खाल्लीस. खोटं का बोललीस? भूक लागली तर भूक लागली म्हणायचं. खोटं बोलायला लागलीस तर तुजं खरं पन कुणी धरनार न्हाय." मी रडले. मग तुम्ही आत गेलात, एक मूठ आणलीत, माझ्या ओंजळीत टाकलीत. "ही तुजी. ती त्येची. दोनी येगळ्या." त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत माझी एक मूठ ठरली. त्यानंतर मी तुमच्याशी खोटं बोलले नाही.

हे सगळं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते त्याच हंगामात झालं. मुख्यसेविका न कळवता आल्या. एरवी त्या येणार असल्या की चुलती पिशव्या खिळ्यांवरून काढून सरपणात लपवायची आणि "एक दिस हे आंगलट येनार बगा बाई" असं दर वेळी पुटपुटायची. त्या दिवशी तुम्ही गरोदर बायकांच्या घरी गेला होतात आणि चुलती हापशावर. खोलीत मी एकटी, हातात लाल दोऱ्याची पिशवी, कारण जीप त्याच संध्याकाळी जाणार होती. मुख्यसेविकांनी पर्स गुडघ्यावर ठेवली, गोड आवाजात विचारलं, "ही पिशवी कुणाची?" मी म्हणाले, "माझ्या भावाची." "कुठं आहे भाऊ?" आणि बाई, मी ताठ उभी राहिले. खरं बोलायचं होतं ना. "कारखान्याला गेलाय, आईसंगं. बाई त्येची मूठ रोज काडून ठेवत्यात. सगळ्यांची ठेवत्यात." मला वाटलं होतं त्या तुम्हाला शाबासकी देतील. मला अभिमान वाटत होता तुमचा, हे खरंच सांगते. त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून मला दिली, "हुशार आहेस गं" म्हणाल्या. मी शाळेत परत जाताना ती चावली नाही, चोखत चोखत पुरवली. तेवढ्यात तुमची चौकशी उरकली होती.

मला कळलं ते दोन दिवसांनी. तुम्हाला लेखी ताकीद आली, तोडीला गेलेल्या सगळ्या पोरांच्या नावांवर तुम्हाला स्वतःच्या हातानं लाल रेघ मारावी लागली. पिशव्या खिळ्यांवर रिकाम्या लोंबत होत्या. मी दारात आले तेव्हा तुम्ही चुलतीशी बोलत होतात, आणि तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "इतकी वरसं एका चुलीवर रांदलं आपुन. आन् मागनं जाऊन असं केलंस व्हय?" चुलती पातेलं घासत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, परत पातेलं घासायला लागली. तुम्हाला तो कबुलीजबाब वाटला. कोणालाही वाटला असता. आणि तुम्हाला त्यात आणखी काय काय वाटलं असेल ते मी मोठी झाल्यावर मला कळायला लागलं. चुलती गावातली, तुम्ही वस्तीतल्या. पहिलं वर्षभर ती तुमच्या खोलीत रांधायची पण पाणी घरी येऊन प्यायची. मग एक दिवस तिनं तुमच्या घरचा चहा घेतला, चुलत्यानं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, आणि ती म्हणाली, "टाकू दे की, तेवडीच शांतता." एवढं ओलांडून ती आली होती. आणि तुम्हाला वाटलं, ती शेवटी परत गेली.

त्यानंतर तुम्ही दोघी कितीतरी वर्षं त्याच चुलीशी होतात आणि एकमेकींशी बोलत नव्हतात. पोरांचं टेलिफोन ऑफिस झालं होतं. "बाईंना सांग, पानी उकळलंय." "तिला सांग, मीठ कमी हाय." दोघींत तीन हात अंतर, आणि मधे एखादं शेंबडं पोर निरोप पोचवायला उभं. आम्ही हसायचो. मी पण हसायची, बाई.

भाऊ पाडव्याच्या सुमाराला परत आला. ट्रॉलीतून आईनं त्याला खाली दिलं, मी कडेवर घेतला, आणि मला वाटलं मी नीट धरलाच नाही. जायच्या आधी तो माझ्या कंबरेला जड व्हायचा, दहा पावलं झाली की खाली ठेवावा लागायचा. आता मी त्याला घेऊन थेट तुमच्या खोलीपर्यंत आले. केस तांबूस, पोट पुढं, पाय काड्या, समोरचे दात काळे पडलेले. आई तुम्हाला सांगत होती, "खातच न्हाय वो बाई. ताटाकडं बगत न्हाय. दिसभर उसाचं कांडकं तोंडात. आमी पहाटं फडात जातो, सांजच्याला येतो, तवर त्यो चोखतच बसतो. पोट भरलंय म्हनतो." आईला खरंच वाटत होतं त्याचं पोट भरतंय. गोड लागतं, भूक मरते, पोर रडत नाही, आणि फडात न रडणारं पोर म्हणजे सुखी पोर. तुम्ही त्याला काट्याच्या झोळीत बसवलंत. आकडा बघितलात, लिहिलात. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरच्या कोंबडीचं अंडं त्याच्यासाठी यायला लागलं. ते उकडून, सोलून, मीठ लावून चुलती द्यायची, आणि तुम्ही पाठ करून बसायचात.

तो सावरला. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहिते. कुर्डुवाडीत मोटारसायकली दुरुस्त करतो, दोन मुलं आहेत, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पण वयात आल्यावर पोलीस भरतीला गेला होता. पहाटे उठून वर्षभर पळाला. मैदानावर उंची मोजली, दोन बोटं कमी भरली, बाहेर काढला. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, पळाल्यालं मोजतच न्हाईत गं, उबं ऱ्हायल्यालं मोजत्यात." आणि हसला. आमच्या दादांची उंची चांगली आहे, माझीही आहे. त्या पिशव्या चालू राहिल्या असत्या तर ती दोन बोटं भरली असती का, हे मला माहीत नाही. माझ्याच खात्यातली नोकरी करून, इतक्या पोरांची वजनं बघूनसुद्धा मला ते सांगता येत नाही. एका मुठीनं काय होतं, असंही कोणी म्हणेल. मी म्हणत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सोलापुरात वसतिगृहात होते. तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आले. चुलती सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसली होती. कार्यक्रम झाल्यावर ती न सांगता उठली आणि तुमच्या सुनेबरोबर भांडी घासायला बसली. मी तेव्हाही तिला काही बोलले नाही. परवा त्या पिशवीच्या भेटीवरून परतताना मात्र मी एसटी बदलून गावी गेले. चुलती आता पार वाकलीय, कानानं ठीक आहे. मी तिच्यापुढं बसले आणि एका दमात म्हणाले, "काकी, त्या वर्षी मुख्यसेविकेला मी सांगितलं होतं."

ती शेंगा फोडत होती. फोडतच म्हणाली, "मला ठावं हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. सांजच्याला तुज्या तोंडाला लिमलेटच्या गोळीचा वास येत हुता. गावात तुला कोन गोळी देनार?"

"मग बाईंना का नाही सांगितलंस? तुझ्याशी बोलल्या नाहीत त्या शेवटपर्यंत."

"तुजी आय तिकडं. म्या सांगितलं असतं आन् बाईनं तुला दारात उबं केलं नसतं, तर मदल्या सुट्टीत काय खाल्लं असतंस? माज्या घरात काय हुतं तुला ठावं हाय." मग पुढची शेंग फोडत म्हणाली, "बाई तशी न्हवती, हे बी मला ठावं हुतं. पन पोटाचा इषय. कशाला बगायचं करून?" आणि माझ्या ओंजळीत शेंगदाणे टाकले.

बाई, ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. हे तुम्हाला कळायला हवं होतं आणि ते कळवायचं काम माझं होतं. टेलिफोन ऑफिस मीच होते.

आता अहवालाचं. याच कारणावरून याआधी मी दोन सेविकांना नोटीस काढलेली आहे. त्या वेळी तुमची आठवण झाली नाही, असं लिहिणार होते. झाली होती. पण नियम हा नियम, असं म्हणून मी सही केली आणि चहा घेतला. आता तर कागदावर सगळी सोय आहे. स्थलांतराची नोंद करायची, म्हणजे पोर जिथं जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळतो. परवा मी त्या सेविकेला ते ठणकावून सांगितलं. ती खाली बघून म्हणाली, "नोंद करते मॅडम. पन तितली अंगनवाडी कालव्याच्या पल्याड हाय, कोप्या अल्याड. आयबाप पहाटं जात्यात. पोराला कालवा कोन वलांडून नेनार?" तेवढ्यात दाराशी सात-आठ वर्षांची एक मुलगी येऊन उभी राहिली, दप्तर पाठीला. माझ्या हातातली पिशवी तिनं ओळखली. तिचं तोंड उघडलं, ती आता सांगणार, मोठ्या आवाजात, खरं खरं. मी घाईघाईनं विचारलं, "तुझी वेणी कुणी घातली गं?" ती गोंधळली. म्हणाली, "बाईंनी." मी म्हणाले, "छान घातलीय," आणि पिशवीची नाडी आवळून सेविकेच्या हातात दिली.

अहवाल लिहून झालाय. पोरं गावात नाहीत हे लिहिलंय, त्यांची स्थलांतराची नोंद करून घेतली हेही लिहिलंय. आणि खाली: नोंद होऊन तिकडं आहार सुरू होईपर्यंत पाकिटं कोप्यांवर पाठवायची सूचना मीच सेविकेला आधीच्या भेटीत दिली होती, हजेरीही माझ्या सांगण्यावरून लावली, जबाबदारी माझी. खाली सही केलीय. अशी सूचना मी कधी दिलेली नव्हती. उद्या साहेब बोलावतील, बोलावू देत. माझ्या घरात चार पोरं नाहीत, आणि एक ताकीद मी पचवू शकते. चुलतीनं तर फुकटात पचवली.

म्हणजे परत खोटंच बोलले, बाई. तुम्ही हाताला धरून बाहेर नेलं असतंत. आणि खोट्याचा विषय निघालाच आहे, आणि हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तर वरची एक ओळ दुरुस्त करते. त्यानंतर मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, असं लिहिलंय. ते बरोबर नाही. तुम्ही माझी मूठ वेगळी केलीत, मी ती रोज तुमच्यासमोर खाल्ली, तुम्ही विचारायचात, "पोट भरलं?" आणि मी म्हणायची, "व्हय बाई." मग जीपवाल्याच्या घरी जाताना, वळणावरच्या बाभळीखाली, मी लाल दोऱ्याची नाडी सोडायची आणि त्याच्यातली एक मूठ खायची. शेवटच्या पिशवीपर्यंत.